उतरलेली पट्टी

"घे," योयने म्हणाला आणि व्हायोलिनच्या दुसऱ्या तारेवरून त्याने गज ओढला. "लवकर घे. मला स्नानाला जायचंय, हौद थंड होईल."

शप्रिंत्सेने सूर घेतला. म्हणजे कानात घेतला, हातात नाही. सूर लावायची किल्ली तिने आपल्या वाद्याच्या खुंटीवर चढवली, पण फिरवली नाही.

"पुन्हा दे."

"का? ऐकू येत नाही?"

"येतं. म्हणून तर."

योयनेने तिच्याकडे पाहिलं. मग त्याने तोच सूर, सगळी वाद्यं ज्यावरून लावायची तो ला, पुन्हा दिला, जरा दाबून, जणू दाबल्याने तो खरा होणार होता. "हा ला. माझ्या बापाच्या घरात हाच ला होता. आता भाजीवालीसारखी घासाघीस नको करू." व्हायोलिन पेटीत ठेवून, टॉवेल खांद्यावर टाकून तो निघून गेला. दारात त्याच्या पायात हंस आला. त्याने हंसालाच शिवी घातली.

घरात लेकीचं लग्न होतं. चुलीवर मासे शिजत होते, माजघरात झेल्दे, म्हणजे शप्रिंत्सेची नणंद, पिठाच्या वेण्या घालत होती, आणि आतल्या खोलीत त्सिपे नवरीचा उपास धरून भिंतीकडे तोंड करून बसली होती. अशा दिवशी दुसऱ्या कुठल्या आईला वाद्याचा सूर लावायला लागत नाही. पण हे घर वाजवणाऱ्यांचं. गादी काढलेल्या खाटेवर त्सिंबल पसरलेलं होतं. तारांनी गच्च भरलेली ती पसरट पेटी दोन हलक्या काठ्यांनी वाजवायची. शप्रिंत्सेच्या बापाने ती तिच्याबरोबर सासरी पाठवली होती. वाजवायचा धाकटा मुलगा झानव्ल. त्याच्या हातात वीज होती आणि कानात बोळे. सूर त्याला कधी लावता आला नाही. तो लावायची शप्रिंत्से. बाईने लग्नात वाजवायचं नाही हे सगळ्यांना पाठ होतं. सूर लावायला मात्र कोणी हरकत घेतली नाही, कारण सूर लावताना कोणी बघायला येत नाही. जे काम दिसत नाही ते बाईने केलं तरी धर्म बुडत नाही, हे बेरेझ्किवमध्ये ठरलेलं होतं. इतर गावांत वेगळं असेल असं वाटत असेल, तर खुशाल वाटू द्यावं.

आठवड्याभरात योयनेचा ला आणखी केसभर खाली आला होता.

हे तिलाच माहीत होतं. दर शुक्रवारी, शब्बातच्या म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या मेणबत्त्या लागायच्या आधी, योयने व्हायोलिनच्या चारही तारा सैल करायचा. "आठवडाभर हिने गावाला नाचवलं, आता हिलाही शब्बात." त्याचा बाप हेच म्हणायचा, आजाही. शनिवारी आकाशात तारे दिसले, शब्बात संपला, की योयने व्हायोलिनच्या तारा पुन्हा चढवायचा. कशाच्या मापाने? स्वतःच्या कानाच्या. आणि माणसाचा कान माणसाच्या बोटांचा मिंधा असतो. एका हिवाळ्यात कुठल्याशा जमीनदाराकडून वाजवून परतताना गोठलेल्या नदीवर गाडी उलटली आणि योयनेचा डावा हात चाकाखाली आला. जमीनदाराने वर खिडकीतून पाहिलं म्हणे. बोटं जुळली, पण करंगळी आधीसारखी वळेना, आणि घट्ट तार तिला चावायची. तेव्हापासून दर शनिवारी तार जेवढी उतरायची तेवढी चढेनाशी झाली. योयने हे जाणूनबुजून करत होता का? शप्रिंत्सेने विचारलं नाही. तो हसतमुखाने वाजवायला बसतोय, घरात भाकरी येतेय, मग कशाला विचारायचं? ती गुपचूप त्सिंबल त्याच्या पट्टीत उतरवायची. बास, म्हणजे खर्जाचं मोठं व्हायोलिन, वाजवणारा त्सिंबलशी जुळवून घ्यायचा. अशी सगळी मंडळी एकत्र खाली गेली. नावेत बसलेल्यांना नाव किती खचली ते कळत नाही. ते काठावरच्याला दिसतं.

काठावरून आला तो कल्मन.

थोरला मुलगा कल्मन वल्हांडण सणाच्या सुमाराला झारच्या पलटणीतून सुटून आला. पलटणीच्या बँडमध्ये तो क्लॅरिनेट वाजवायचा, तीच घेऊन आला. क्लॅरिनेट म्हणजे लाकूड, त्याला पाडलेली भोकं. तिला खुंट्या नसतात. ती कुणाच्या करंगळीची कीव करत नाही. गिरणीवाल्याच्या मुलीच्या लग्नात कल्मनने पहिला सूर फुंकला आणि तो सगळ्यांच्या वर, एकटाच, खिळ्यासारखा उभा राहिला. योयनेने वाजवणं थांबवलं. वऱ्हाडाकडे वळून म्हणाला, "लोकहो, माफ करा. झारने मुलगा परत दिला, कान मात्र ठेवून घेतला."

काय हसले लोक. तो विनोद मंगळवारच्या बाजारात गेला, तिथून स्नानगृहात, तिथून प्रार्थनाघरात. अजून गल्लीतली पोरं कल्मन दिसला की त्याच्यामागे म्याव म्याव करतात. शप्रिंत्से त्या लग्नात बायकांच्या बाजूला उभी होती. आजूबाजूच्या हसत होत्या म्हणून तिनेही ओठ हलवले होते.

आता तिने किल्ली फिरवायला सुरुवात केली. खाली. नेहमीप्रमाणे.

*

कल्मन आला तेव्हा निम्मं त्सिंबल लावून झालं होतं. दाढी नीट केलेली, अंगात पलटणीतलाच सदरा, बटणं तेवढी बदललेली. क्लॅरिनेट फडक्यात गुंडाळून काखेत.

"मामे, काही खायला आहे?" त्याने आईला विचारलं.

"आहे. वऱ्हाडाला आहे."

"मग मी वऱ्हाड." त्याने परातीतला पावाचा तुकडा उचलला आणि खाटेच्या कडेला टेकला. बसून राहणं त्याला जमत नव्हतं. पाय हलत होता, त्याने खाट हलत होती, खाटेने तारा.

"पाय थांबव."

त्याने थांबवला. मग हाताने सुरू केलं. फडक्याची गाठ सोडायची आणि बांधायची. "एक सांगायचं होतं. लेमलला लग्नात काय द्यायचं, ते ठरलं. ही देतो."

लेमल म्हणजे नवरदेव. ओस्त्रीव्का गावच्या हेनेख क्लेझ्मरचा, म्हणजे वाजवणाऱ्याचाच, मुलगा, बापाच्या ताफ्यात बासरी वाजवायचा.

"ही म्हणजे?"

"क्लॅरिनेट. त्याला वाजवायला येते थोडी. त्याचा कान चांगला आहे म्हणतात."

"आणि तू काय वाजवशील?"

"साखर कारखान्याचा भोंगा. मुकादमाशी बोलून झालंय. सोमवारी जातो. तिथे बीट धुवायचे असतात, बीट काही म्हणत नाहीत."

शप्रिंत्सेची किल्ली खुंटीवरून घसरली. तार कण्हली. "पलटणीत तुला बँडमास्तर काय म्हणायचा?"

"पलटणीतलं पलटणीत. तो रशियन, त्याला आपलं काय कळतंय. ताते म्हणतात कान गेला, म्हणजे गेला असेल." त्याने फडकं सोडून क्लॅरिनेट दाखवली. तोंडाकडचा सांधा त्याने इतका बाहेर ओढला होता की तुकडा निखळू नये म्हणून आतून लाल दोरा गुंडाळून मेण लावलं होतं. "बघ. जितकी खाली येते तितकी आणली. आता मधले सूर रडतात आणि वरचे ओरडतात. तरी जुळत नाही. रात्रंदिवस हेच डोक्यात. झोपेतसुद्धा मी वरच असतो, मामे, आणि तुम्ही सगळे खाली." तो थांबला. "घरात तुझा कान सगळ्यांत चांगला. तू सांग. माझा कान गेलाय?"

चुलीवर मासे उतू गेले. शप्रिंत्से इतक्या घाईने उठली की किल्ली खाली पडली.

"आज नको विचारू," ती पातेल्याला म्हणाली. "आज तुझ्या बहिणीचं लग्न आहे."

"बरं," कल्मन म्हणाला. वाकून किल्ली उचलून त्याने खाटेवर ठेवली.

*

दुपार कलली तशी घराला खाज सुटल्यासारखी झाली. लग्न सूर्य मावळायच्या आत लागायला हवं होतं, कारण त्यानंतर शब्बात. आणि शब्बात लागला की वाद्याला हात नाही, आगीला हात नाही, कशालाच हात नाही. म्हणून जो तो प्रत्येक गोष्टीला दोनदा हात लावत होता. झेल्दे तीच खुर्ची खिडकीकडे नेऊन परत आणत होती. झानव्ल बुटाला काजळी फासत होता आणि काजळी सगळीकडे लागत होती.

"आते, नवरीला कुठे बसवायचं?" त्याने विचारलं.

"या खुर्चीवर. उजेड तोंडावर पडेल अशी. रडलेली दिसायला हवी ना."

"मी कधीची रडतेय," आतून त्सिपे म्हणाली. "कुणी बघायला येत नाही."

"तू थांब. बापाने वाजवल्यावर रडायचं. फुकट घालवू नको."

योयने स्नानाहून आला. दाढीतून पाणी ठिबकत होतं, गाल लाल, चित्त प्रसन्न. आरशापुढे उभा राहून तो कोटाची बटणं लावू लागला. करंगळी बाजूला धरून, तिला त्रास न देता. त्याच वेळी पुलाकडून वाजवण्याचा आवाज आला.

हेनेखचा ताफा. गाड्यांवर बसून वाजवत येत होते, वाजवणाऱ्यांचं वऱ्हाड असंच येतं. कर्णा, बासरी, दोन व्हायोलिनं. वाऱ्यामुळे आधी तुकडे आले, मग सलग. शप्रिंत्से हातात मिठाचं भांडं घेऊन अंगणात गेली आणि ऐकत उभी राहिली. मग मागे वळून तिने खिडकीतून पाहिलं. आरशापुढे योयनेचं शेवटचं बटण अर्धं लागून राहिलं होतं.

त्यांची पट्टी कल्मनची होती. अगदी तीच. जिच्यावर गाव गिरणीवाल्याकडच्या लग्नापासून हसत होतं तीच पट्टी पूल ओलांडून गाड्यांवर बसून येत होती.

ती घरात आली तेव्हा योयने बोलत होता. "चढवून वाजवतात. ओस्त्रीव्काची जुनी खोड. आत काही नाही, म्हणून वर वर."

"मग खुप्प्याकडे जाताना कसं करणार?" झानव्लने विचारलं. वाजवणाऱ्याच्या घरचं लग्न असलं की दोन्हीकडचे ताफे नवरीला खुप्प्यापर्यंत, म्हणजे लग्नाच्या छतापर्यंत, एकत्र वाजवत नेतात, हा या लोकांचा रिवाज. राजाच्या लग्नात नसेल असं वाजवणं आपल्या लग्नात; वर्षभर लोकांच्या दाराजवळ उभं राहून जेवणाऱ्यांची तेवढीच चैन.

"ते जुळवून घेतील. यजमान आपण आहोत."

"कर्ण्याला कसं जुळवणार, ताते?"

योयनेने झानव्लकडे असं पाहिलं की तो पुन्हा बुटाकडे वळला. झेल्देने हातातलं पीठ झटकलं. "मी सांगते. व्याह्यांना आधीच सांगून ठेवायचं, आमच्या थोरल्याचा कान अधू आहे, त्याच्यामुळे गोंधळ झाला तर मनावर घेऊ नका. म्हणजे जे काही बेसूर होईल ते त्याच्या नावावर जाईल. तसंही गावाला माहीतच आहे. आणि कल्मनला ढोल द्या. ढोलाला सूर नसतो."

कल्मन दारात उभा होता. किती वेळचा, कोण जाणे.

"आते बरोबर बोलतेय," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "ढोल द्या मला. लेमलला ही आजच देऊन टाकतो, मग तो वाजवेल."

"बघ," योयने म्हणाला, मुलाकडे न बघता. "शहाणा आहे पोरगा. कान गेला तरी डोकं आहे." आणि त्याने ते बटण लावलं.

शप्रिंत्से नवऱ्याला घाबरणाऱ्यातली नव्हती. घाबरली असती तर वेगळी गोष्ट. तिने त्याला सांभाळलं होतं, आणि सांभाळता सांभाळता दुसऱ्या एका माणसाला त्या बटणाइतकं बारीक करून ठेवलं होतं. तिने मिठाचं भांडं नणंदेच्या हातात दिलं.

"माशात घाल. योयने, व्याही पुलावर आहेत आणि तू इथे दाढी विंचरतोस? जा, सामोरा जा. झानव्ल, तूही जा. कल्मन, तू थांब. मला एक सूर हवाय."

"कुठला सूर?" योयने दारातून वळला. "मी दिला की सकाळी."

"एक तार उतरलीय."

तिने खोटं सांगितलं, की खरं, याचा विचार करायला वेळ नव्हता. तिने आतून कडी घातली.

*

"फुंक. दोरा काढ, सांधा बसव आणि ला दे."

"दोरा काढला तर फारच—"

"काढ."

कल्मनने दोरा उलगडला. लाल, मेणचट, वळवळत तो जमिनीवर पडला. त्याने सांधा आत दाबला, फुंकलं. सूर सरळ आला, न रडता. शप्रिंत्सेने खुंटीवर किल्ली घातली आणि तार वर ओढली. मग दुसरी. एका सुराला चार चार तारा, त्या चारही. मग पुढचा सूर. सगळ्या वर, वर, वर. बापाची जुनी पेटी आतून कुरकुरू लागली. इतकी वर्षं सैल बसलेल्या म्हाताऱ्याला अचानक उभं केलं तर तो कुरकुरणारच.

अर्धं सप्तक लावून झाल्यावर कल्मनचा सूर डळमळला.

"मामे. तू सगळ्याच वर घेतेयस."

"हो."

"एक तार म्हणालीस."

"फुंक. बोलू नको."

त्याने फुंकलं नाही. क्लॅरिनेट तोंडापासून लांब धरून तो तिच्या हाताकडे बघत राहिला. किल्ली फिरत होती. एक तार तुटली, तिच्या मनगटावर बारीक लाल रेघ उमटली. तिने डब्यातून नवी तार काढली, वेटोळं घातलं, चढवली.

"कधीपासून?"

"गाडी उलटली तेव्हापासून. थोडं थोडं. दर शनिवारी."

"आणि तुला माहीत होतं."

"लावत मीच होते. मला नाही तर कुणाला माहीत असणार?"

"गिरणीवाल्याकडच्या लग्नातसुद्धा?"

"तेव्हासुद्धा."

"तू हसलीस तेव्हा." त्याने पाहिलं होतं तर. इतके महिने काही बोलला नव्हता. "मी नदीवर जाऊन एकटा वाजवायचो, मामे. एकटा असलो की सगळं बरोबर वाटायचं. मला वाटलं, वेड्यांना असंच वाटत असेल."

शप्रिंत्सेने मान वर केली नाही. वर केली असती तर हात थांबला असता, आणि बाहेर सूर्य थांबणार नव्हता. "त्याची बोटं गेली, कल्मन. बोटं गेलेल्या व्हायोलिनवाल्याला कोण बोलावतं? तुम्ही तिघं लहान—"

"मी पलटणीत होतो. मी लहान नव्हतो."

"हो," ती म्हणाली. "नव्हतास."

तो उठला. कडी काढली. खरं तर तिला त्याचा सूर अजून हवा होता. वर ओढलेलं त्सिंबल एका फेरीत टिकत नाही, शेवटची तार लागेतो पहिली खाली बसते, पुन्हा पहिल्यापासून लागतं. पण ती त्याला थांब म्हणाली नाही. थांब म्हणायचा हक्क तिने त्या लग्नात ओठ हलवले तेव्हाच सोडला होता. दार उघडं टाकून तो गेला, क्लॅरिनेट हातात, फडकं खाटेवर. तिने डोळे मिटले, सूर कानात धरला आणि दुसरी फेरी त्याच्यावाचून केली.

*

नवरीला बसवलं. खिडकीतून पिवळा उजेड त्सिपेच्या तोंडावर आला, झेल्देने मोजून मापून आणला होता तसा. बायका दाटीने उभ्या राहिल्या. पुरुष दाराशी. हेनेख, पोट पुढे, कर्णा काखेत, व्याह्याचं वाजवणं ऐकायला पुढच्या रांगेत. बदखन, म्हणजे लग्नात कविता म्हणणारा, स्टुलावर चढला आणि त्याने नेहमीचं रडगाणं सुरू केलं: आज तू आईच्या घरची, उद्या कोणाची; आज केस मोकळे, उद्या झाकलेले. बदखनच्या कवितेने कोणी रडत नाही. कविता फक्त जागा करून देते. रडवायचं ते पहिल्या व्हायोलिनने.

योयने पुढे आला. व्हायोलिन हनुवटीखाली धरलं. झानव्लला मानेने खूण केली, आणि झानव्लने त्सिंबलवर सुरुवातीचे सूर घोळवले.

योयनेचा गज तारेच्या वर, हवेत थांबला.

झानव्लकडे त्याने पाहिलंच नाही. झानव्ल काय लावणार? त्याने बायकांच्या गर्दीत एकच तोंड शोधलं. शप्रिंत्सेने नजर वळवली नाही. तिच्या मनगटावर रक्त वाळलं होतं, आणि तिला एवढंच वाटत होतं, की आता हा माणूस आपल्याला लोकांसमोर काय म्हणेल ते म्हणू दे. विनोद करू दे. याला विनोद चांगले जमतात.

"काय झालं व्याही?" हेनेखने विचारलं. "तार रुसली?"

"हवा दमट आहे," योयने म्हणाला. त्याने व्हायोलिन खाली घेतलं आणि चारही खुंट्या एकेक करून वर पिळल्या, भर लग्नात, सगळ्यांच्या समोर, त्सिंबलच्या काठीकडे कान लावून. नवऱ्याने बायकोने माप काढलेल्या सदऱ्यात अंग कोंबावं तसं. वेळ लागला. बदखनने मधे दोन ओळी भरीच्या टाकल्या. कोणीतरी खोकलं.

मग त्याने वाजवलं.

तारा कडक होत्या. पहिली तीन बोटं दाबली गेली, करंगळी नाही. जिथे जिथे वरचा सूर यायचा तिथे गज नुसता तारेवरून सरकला आणि एक पोकळी राहिली, दात पडलेल्या तोंडासारखी. एक. मग दुसरी. शप्रिंत्सेने दाराकडे पाहिलं. कल्मन तिथे होता. क्लॅरिनेट जोडलेली, ओठांजवळ. एक फुंकर घालायची, आणि पोकळी भरली असती. त्याला गत पाठ होती, पाळण्यात असल्यापासून. तो फुंकर घालेना. बापाचे पडलेले सूर त्याने एकेक करून पडू दिले, सगळ्यांना ऐकू दिले.

आणि बायका रडल्या. झाडून सगळ्या. त्सिपे तर हमसून हमसून. पोकळी आली की कोणीतरी हुंदका द्यायची, आणि हुंदका बरोबर त्या जागेत बसायचा. गिरणीवाल्याची बायको शेजारणीच्या कानात म्हणाली, "याच्यासारखं कोणी नाही. सूर तोंडाशी आणतो आणि गिळून टाकतो." गावाला काय कळतंय. गावाला आज खोट्याबद्दल टाळ्या द्यायला सांगा, उद्या खऱ्याबद्दल, टाळी तीच. हेनेख मात्र रडला नाही. तो योयनेच्या करंगळीकडे बघत राहिला आणि मग, भल्या माणसासारखा, दुसरीकडे बघू लागला.

योयनेच्या कपाळावरचा घाम दाढीत उतरत होता. गत संपली. त्याने गज खाली सोडला, दाराकडे पाहिलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "खुप्प्याकडे क्लॅरिनेट पुढे राहील. माझा हात दमलाय."

झेल्दे तोंड उघडत होती. शप्रिंत्सेने तिच्या पायावर पाय ठेवला.

दोन्ही ताफे रस्त्यावर एकत्र वाजले. कर्णा, बासरी, व्हायोलिनं, गळ्यात अडकवलेलं त्सिंबल, आणि पुढे कल्मन, पाय आपटत, जणू रस्ता त्याचं काही देणं लागत होता. इतका राग घेऊन नवरीला कोणी नेलं नसेल. गल्लीतली पोरं कुंपणावर बसली होती. एकाने म्याव केलं, पण त्या गजरात ते त्यालाच ऐकू आलं नसेल. शप्रिंत्से मेणबत्ती हातात धरून लेकीला घेऊन चालली होती. कल्मनने एकदाही मागे पाहिलं नाही. पलीकडून चालणाऱ्या योयनेनेही नाही. सूर इतके नेमके जुळले होते की त्यांच्यात तिला शिरायला फट उरली नव्हती.

*

लग्न लागलं, रिवाजाप्रमाणे पायाखाली पेला फुटला, सूर्य छपरांना टेकला. सगळे धावतच घरी आले. वाद्यं ठेवायला क्षणभरच वेळ होता.

कल्मन खाटेजवळ आला, फडकं उचललं आणि क्लॅरिनेट त्यात गुंडाळली. लेमल जवळच उभा होता. त्याला कोणीतरी आधीच सांगितलं असावं, कारण तो लाजत हात पुढे करू की नको करत होता. "नाही," कल्मन त्याला म्हणाला. "तुला काहीतरी दुसरं देईन. भांडं वगैरे." मग त्याने जमिनीवरचा लाल दोरा उचलून, आईच्या हातात न देता, तिच्या समोर टेबलावर ठेवला. सोमवारच्या कारखान्याचं तो काही बोलला नाही.

योयनेने पेटी उघडली. व्हायोलिन आत ठेवलं. शप्रिंत्से मेणबत्त्यांपाशी उभी राहून बघत होती. त्याचा हात खुंटीवर गेला, सवयीने, बापाच्या आणि आजाच्या सवयीने. तिथे थांबला. मग त्याने तार सैल न करताच पेटीचं झाकण लावलं.

"सोडायची नाही का?" झेल्देने विचारलं. "तिलाही शब्बात—"

"तू मासे वाढ," योयने म्हणाला.

शप्रिंत्सेने मेणबत्त्या पेटवल्या, डोळ्यांवर हात धरले आणि प्रार्थना म्हटली. प्रार्थनेत काय मागायचं ते तिला सुचलं नाही. मग सगळे बसले. योयने टेबलाच्या या टोकाला, कल्मन त्या टोकाला, मध्ये व्याही, नवरा-नवरी, पाहुणे. माशांच्या आटलेल्या रशाची सगळ्यांनी स्तुती केली; जास्तच केली. योयनेने द्राक्षारसाचा पेला उचलला, आशीर्वाद म्हटला, पेला खाली ठेवला, पावाच्या वेणीवरचं कापड बाजूला केलं.

कोपऱ्यातल्या व्हायोलिनच्या बंद पेटीत तार तुटली.

फट् असा आवाज, आणि मागोमाग लाकडातून एक गुणगुण, हळूहळू विझणारी. टेबलाभोवतीच्या सगळ्या वाजवणाऱ्यांनी एकदम कोपऱ्याकडे पाहिलं. बाकीच्यांना काही कळलं नाही. ते चमचे वाजवत राहिले. उठायचं कोणी नव्हतं. उद्या तारे दिसेपर्यंत त्या पेटीला हात लागणार नव्हता.

शप्रिंत्सेला कळलं होतं कुठली तार ते. हेनेखला बहुधा कळलं असावं. योयने पावावर हात ठेवून बसला होता. जन्मात त्याने सुराबद्दल कोणाला काही विचारलं नव्हतं. आता तो टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडे बघत म्हणाला, "कुठली गेली?"

शप्रिंत्सेने तोंड मिटून ठेवलं. झानव्ल "पहिली" म्हणाला. नेहमी तीच तुटते. योयनेने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. तो थोरल्याकडेच बघत राहिला.

ताटातल्या माशाचा काटा कल्मनने सावकाश काढून बाजूला ठेवला.

"दुसरी," तो म्हणाला. "ला."

"ला," योयने म्हणाला आणि पाव तोडला.